पायरेट्सने मे महिन्यात मॅनेजर काढला, त्याने नक्की काय बदललं?

स्कोअरबुक_नाशिकरोड (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न बेसबॉलचा आहे. इथे क्रिकेटच्या धाग्यांना दोनदोनशे प्रतिसाद पडतात, याला पाच पडले तरी पुरे.

मी प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. गोल्फ क्लब मैदानावर जिल्ह्याच्या आणि क्लबांच्या सामन्यांचं स्कोअरिंग बरीच वर्षं केलं, त्यामुळे कुठलाही खेळ दिसला की मला आधी वही लागते. मुलगी-जावई पिट्सबर्गला असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे होतो, तेव्हा जावयाने पायरेट्स या तिथल्या बेसबॉल संघाच्या मैदानावर, पीएनसी पार्कला नेलं. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, आख्खी जनता त्या पिवळ्या पुलावरून चालत मैदानात शिरते. उजवीकडची भिंत २१ फुटांची, कारण पायरेट्सचा जुना दिग्गज खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याचा नंबर २१. तिथूनच व्यसन लागलं. आता ॲपवर बघतो. तिकडचा संध्याकाळी ६:४० चा सामना आपल्याकडे पहाटे ४:१० ला सुरू होतो आणि मला तशीही चारला जाग येतेच. सौ.चं म्हणणं असं, की देवाचं नाव घ्यायच्या वेळेला हा माणूस हरणारा संघ बघत बसतो.

आता मुद्दा. २०२५ च्या मोसमात पायरेट्सची सुरुवात १२ विजय, २६ पराभव अशी झाली. सलग सात हरले आणि ८ मे रोजी मॅनेजर (आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक) डेरेक शेल्टनला घरी पाठवलं. २०२० पासून होता. त्याच्या जागी बेंच कोच, म्हणजे त्याचाच मदतनीस, डॉन केली आला. पिट्सबर्गमध्येच वाढलेला पोरगा (आता पंचेचाळिशीचा, पण आमच्या वयाला पोरगाच). डेट्रॉइट टायगर्स संघाकडे खेळाडू असताना मैदानातल्या नऊच्या नऊ जागी खेळलेला. त्याच्या हाताखाली ५९ विजय, ६५ पराभव. एकूण ७१-९१, म्हणजे पुन्हा तळ.

सरळ भागाकार केला तर शेल्टनचे विजय शेकडा ३२, केलीचे शेकडा ४८. आमच्या कट्ट्यावर एकाला हे आकडे दाखवले तर तो म्हणाला, "मग काय, दोष मॅनेजरचाच होता." मला हे गळी उतरत नाही. का, ते सांगतो.

या संघात पॉल स्कीन्स नावाचा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) आहे. २०२५ चं त्याचं पुस्तक १०-१०. दहा जिंकले, दहा हरले. कोणाला वाटेल बरा आहे, चारचौघांसारखा. पण त्याची सरासरी १.९७, म्हणजे पूर्ण नऊ डावांमागे दोन धावासुद्धा देत नाही. त्याला नॅशनल लीगचं (तिकडच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळालं आणि तेही एकमताने. क्रिकेटच्या वहीत सामना गोलंदाजाच्या नावावर हरला जात नाही. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक हार कुठल्या तरी एका पिचरच्या नावे लिहावीच लागते. १८ मेचा फिलाडेल्फियाचा सामना माझ्या वहीत आहे. स्कीन्सने आठ डाव एकट्याने टाकले, फक्त एक धाव दिली आणि १-० ने हरला. लक्षात घ्या, तेव्हा शेल्टन जाऊन दहा दिवस झाले होते.

जून-जुलैचं अजून भारी. सेंट लुईसला सलग तीन सामन्यांत शून्यावर ठेवलं. नंतर सियाटलला गेले आणि सलग तीन सामन्यांत स्वतः शून्य. मी इतकी वर्षं वह्या लिहिल्या, असं पान बघितलं नव्हतं.

तर प्रश्न असा, की बॅट चालत नसेल तर मॅनेजर बदलून नेमकं काय बदलतं? आणि ज्याने संघ निवडला तो जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन जागेवरच कसा? जाणकारांनी सांगावं. मला भांडण नको, हिशेब हवा आहे.

—

कोथरूड_ते_कोलंबस

काका, धागा बघून बरं वाटलं. मी कोलंबसला असतो, पीएनसी पार्क गाडीने तीन तासांवर. दरवर्षी एकदा तरी जातो आणि दरवर्षी हरलेला सामना बघून परत येतो.

आधी मॅनेजरच्या हातात काय असतं ते. रोज कोण खेळणार, कुठल्या क्रमाने बॅटिंग करणार, पिचर कधी काढायचा, त्याच्या जागी कोण. खेळाडू विकत घेणं, विकणं, खालच्या लीगमधून वर आणणं ही जनरल मॅनेजरची कामं. आणि त्याला पैसे किती द्यायचे हे मालक ठरवतो. शिवाय आजकाल बॅटिंगचा क्रमसुद्धा वरच्या ऑफिसातल्या आकडेवाल्यांना विचारून ठरतो, म्हणजे मॅनेजरच्या हातात पूर्वीपेक्षाही कमी उरलंय. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या उतरंडीतच आहे. काढायला सगळ्यात स्वस्त कोण? मॅनेजर. २६ खेळाडू काढता येत नाहीत, मालक स्वतःला काढत नाही, आणि जनरल मॅनेजरला काढलं तर गेली पाच-सहा वर्षं फुकट गेली हे कबूल करावं लागतं.

आता २०२५ मध्ये पायरेट्स एकटे नव्हते. त्याच आठवड्यात कोलोरॅडो रॉकीजने बड ब्लॅकला काढलं. तो किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. १० मेला सॅन डिएगो पाद्रेसकडून २१-० ने हरले. हो, एकवीस-शून्य. दुसऱ्या दिवशी जिंकले, आणि जिंकल्यावर त्याला काढलं. तोवर ७ विजय, ३३ पराभव. नवीन माणूस वॉरन शेफर, त्याच्याकडून ३६-८६. शेवट ४३-११९. म्हणजे बदलूनसुद्धा चिखल तो चिखलच.

त्यानंतर आठवड्याभरात बाल्टिमोरने ब्रँडन हाइडला काढलं, तेव्हा ते १५-२८ होते. हंगामी टोनी मॅन्सोलिनोने पुढे ६०-५९ केलं, म्हणजे अर्ध्याहून जास्त जिंकले. तरी मोसम संपल्यावर कायमचा मॅनेजर म्हणून बाहेरचा माणूस आणला. इकडे केलीने ५९-६५ केलं आणि त्याला मोसम संपताच कायम केलं. आता यात कुठला नियम शोधायचा ते तुम्हीच सांगा.

वॉशिंग्टनने जुलैत मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ आणि जनरल मॅनेजर माइक रिझो, दोघांनाही एकाच दिवशी काढलं. २०१९ ची वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) याच जोडीने जिंकून दिली होती. काढलं तेव्हा ३७-५३, पुढे २९-४३. आकडे जवळपास तिथेच.

पण मधेच बदल करून सोनं झाल्याचीही उदाहरणं आहेत, ती लपवत नाही. २०२२ ला फिलाडेल्फिया फिलीजने २२-२९ असताना जो जिरार्डीला काढलं. रॉब थॉमसन आला, ६५-४६ केलं आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले (तिथे ॲस्ट्रोजकडून हरले). आणि २००३ चे फ्लोरिडा मार्लिन्स. १६-२२ ला जेफ टॉरबोर्ग गेला, जॅक मॅकिअन आला, वय वर्षं ७२. त्याने न्यू यॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. काका, तुम्हाला अजून संधी आहे.

फरक काय, तर फिलीजकडे ब्राइस हार्पर, काइल श्वार्बर असे मोठे फटके मारणारे होते, पैसा ओतलेला होता. संघ चांगला होता आणि वाईट खेळत होता. पायरेट्सचा संघ वाईट होता आणि वाईट खेळत होता. २०२५ मध्ये होम रनांच्या यादीत ३० संघांत ते शेवटचे होते. एप्रिल-मेमध्ये सलग पंचवीसहून जास्त सामने असे गेले, की चारच्या वर धावाच नाहीत. त्यात केलीचे पण सामने आहेत. मॅनेजर बदलला म्हणून चेंडू कुंपणाबाहेर जात नाही.

—

वानखेडे_वरची_गॅलरी

आयपीएलमध्ये हे सगळं बघून झालंय की. २०१३ ला मुंबईने मोसमाच्या मधेच पॉन्टिंगला बसवलं, रोहितला कॅप्टन केलं, कप आणला. २०२१ ला हैदराबादने सहापैकी एक जिंकल्यावर वॉर्नरला उतरवलं, विल्यमसनला दिलं, शेवटून पहिले आले. २०२२ ला चेन्नईने जडेजाकडून काढून परत धोनीला दिलं. धोनी असून नववे!

म्हणजे संघात माल असेल तर कोणीपण जिंकतो. सोपं आहे. एवढा मोठा धागा कशाला?

—

स्कोअरबुक_नाशिकरोड

@वानखेडे: आयपीएलचे साखळीत १४ सामने, इथे १६२. चौदात काहीही होतं. आमच्याकडे नवशिका क्लबसुद्धा लागोपाठ चार जिंकून जातो. १६२ मध्ये नशीब फिरून फिरून सारखं होतं, आणि म्हणूनच मला वाटतं इथे हिशेब लागायला हवा.

@कोलंबस: फार छान लिहिलंत. रॉकीजचं जिंकल्यावर काढणं मला माहीतच नव्हतं. एकवीस-शून्यची वही ज्याने लिहिली असेल त्याला माझा नमस्कार सांगा.

—

द्राक्षबाग_पिंपळगाव

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पोरगा बारावीला आहे, तो वाचत होता म्हणून मीही वाचलं. पण काकांचा प्रश्न आमच्याकडे दर ऑक्टोबरला पडतो.

बागेत घड ठरतो एप्रिल छाटणीनंतर, काडीच्या आत. बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरला छाटणी घेऊन पेस्ट लावली की जे आत असेल तेच बाहेर येतं. उन्हाळ्यात काडी नीट पिकली नसेल, पाणी-खत चुकलं असेल, तर ऑक्टोबरला नुसता फुटवा येतो आणि घडाची बाळी होते, म्हणजे घड न धरता नुसता तणावा राहतो. मग लोक काय करतात? कन्सल्टंट बदलतात. नवीन साहेब येतो, दोन फवारण्या बदलून देतो, थोडाफार माल वाचतो. तो वाचवतो हे खरं आहे, त्याला नावं ठेवू नये. पण एप्रिलचं बिल त्याच्या नावावर फाडता येत नाही.

तुमच्या त्या संघात एप्रिलचं काम कोण करतं, त्याला विचारा.

—

कोथरूड_ते_कोलंबस

पिंपळगावकर, तुम्हाला बेसबॉल कळत नाही हे मी मान्य करणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चेरिंग्टन, आणि त्याच्या वर मालक बॉब नटिंग. खेळाडूंची खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. चेरिंग्टन काही मामुली माणूस नाही. २०१३ ला बॉस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तिथला जनरल मॅनेजर हाच होता. पण बॉस्टनची तिजोरी वेगळी.

—

सॉफ्टबॉल_मास्तर_सिडको

काका, तुम्हाला पाहिलंय मी. कान्हेरे मैदानावर (तेच तुमचं गोल्फ क्लब) टोपी घालून, चष्मा कपाळावर चढवून बसायचात.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सॉफ्टबॉल-बेसबॉलचे संघ तयार करतो. महाराष्ट्रात हे दोन्ही खेळ शालेय स्पर्धांत आहेत. पोरं येतात ती दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी आणि पुढे नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी. यांकीजचं नाव फक्त टोपीवर वाचलेलं असतं. पण दोन-तीन वर्षं खेळली की त्यांना खेळ लागतो.

मॅनेजरने काही बदलत नाही, असं वर सगळे जवळजवळ म्हणालेत. मी मैदानावरचा माणूस, मला ते पूर्ण पटत नाही. क्रिकेटमध्ये कॅप्टनने गोलंदाज काढला तर दहा षटकांनी परत आणता येतो. बेसबॉलमध्ये पिचर एकदा बाहेर गेला की त्या दिवशी परत नाही. आणि अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये २०२० पासून नियम असा, की नवीन आणलेल्या पिचरने कमीत कमी तीन बॅटरना टाकलंच पाहिजे, नाहीतर तो डाव तरी संपायला हवा. म्हणजे चुकीचा माणूस आणलात तर बघत बसायचं. सातव्या डावात २-१ ने पुढे असताना कोणाला आणायचं, हा निर्णय मॅनेजरचा. पायरेट्ससारखा संघ, ज्याचे बरेच सामने एक-दोन धावांच्या फरकाचे, त्याच्यासाठी हाच निर्णय जास्त महाग पडतो. मोठा मार मारणाऱ्या संघाला तो चुकला तरी चालतो.

दुसरं. एकदा एका संस्थेने (नाव नको) स्पर्धा सुरू व्हायच्या तोंडावर प्रशिक्षक बदलला आणि संघ माझ्याकडे दिला. पहिल्या सरावाला पोरं अशी पळत होती की मला वाटलं, अरे, हा संघ कोणी वाईट म्हटला? साधा जमिनीवरचा चेंडू गेला तरी बॅटर पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून धावतोय. पहिले दोन सामने जिंकलो. संस्थाचालक खूश, मला शाल देण्याची भाषा. तिसऱ्या सामन्यात शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरने) तेच केलं जे तो आधीच्या मास्तरांच्या हाताखाली करत होता, चेंडू उचलायच्या आधीच मान वर. उपांत्य फेरीत घरी. शाल राहिली.

नवीन माणूस आला की सगळे आपापली जागा वाचवायला जोर लावतात. राखीव पोराला वाटतं, याला माझं मागचं माहीत नाही, मला संधी आहे. हा जोर खोटा नसतो. तो काही दिवस टिकतो आणि त्या दिवसांत सामने जिंकले जातात. पुढे हात जेवढे चालतात तेवढंच.

जाता जाता, पायरेट्स म्हणजे तेच, ज्यांनी २००८ ला आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला करारावर घेतलं. दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉल हातात धरला नव्हता. एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले. मुख्य संघापर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. पण अमेरिकन व्यावसायिक संघाशी करार करणारे पहिले भारतीय तेच. माझ्या पोरांना मी पायरेट्सचं नाव त्यांच्यामुळेच सांगतो.

—

मृण्मयी_गंगापूररोड

मी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकत होते, त्यामुळे या दुःखात माझाही वाटा आहे. स्टुडंट तिकीट काढून जायचं, नदीपलीकडचं डाउनटाउन बघायचं, फटाके असतील त्या दिवशी फटाके बघायचे. सामना हा बोनस.

मालकाबद्दल कोलंबसकरांनी फार सौम्य लिहिलंय. पायरेट्सच्या इतिहासातला २०२५ पर्यंतचा सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख डॉलर. न्यू यॉर्क मेट्सने एकट्या हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिलेत. या लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही, ठरावीक रकमेच्या वर गेलात तर कर भरा, बस्स. किमान मर्यादा तर नाहीच. म्हणजे कंजूष मालकाला कोणी विचारणारा नाही. टीव्हीच्या हक्कांतला आणि श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा येत राहतो.

म्हणून एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्यात लोक "संघ विका" म्हणून ओरडत होते. त्याच मजकुराचा फलक लावून विमानही फिरवलं. आणि त्याच महिन्यात काकांनी सांगितलेल्या त्या २१ फुटी भिंतीवर क्लेमेंटेचा २१ नंबर होता, तिथे यांनी दारूच्या कंपनीची जाहिरात लावली! क्लेमेंटे म्हणजे निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान कोसळून गेलेला माणूस. बोंबाबोंब झाली, माफी मागितली, नंबर परत लावला.

असल्या महिन्यानंतर आठ मेला शेल्टन गेला. लोकांच्या रागाला काहीतरी द्यायला हवं होतं, ते दिलं. माझ्या मते क्रिकेटचा यात काही संबंध नाही, बेसबॉलचासुद्धा फारसा नाही.

—

वानखेडे_वरची_गॅलरी

पण मग ७६ कोटीवाल्या मेट्सचं काय झालं? ते जिंकले का?

—

मृण्मयी_गंगापूररोड

नाही. २०२५ मध्ये ८३-७९, प्लेऑफला पण नाहीत. शेवटच्या दिवशी बाहेर पडले. आणि त्यांनी मॅनेजर काढला नाही.

—

वानखेडे_वरची_गॅलरी

हे तर अजूनच भारी. वाचतोय.

—

स्कोअरबुक_नाशिकरोड

सगळ्यांचे आभार. मास्तर, चष्मा अजूनही कपाळावरच असतो.

तुमचं सगळं वाचून काल वही परत काढली आणि एक साधं गणित मांडलं, ते इथे ठेवतो. केलीचे १२४ सामन्यांत ५९ विजय. याच गतीने पूर्ण १६२ खेळला असता तर किती? ७७.

आता शेल्टनचं २०२३: ७६ विजय. २०२४: पुन्हा ७६.

म्हणजे शेकडा ३२ वरून शेकडा ४८ झाले, असं जे मी वर लिहिलं आणि कट्ट्यावरच्या मित्राने उचलून धरलं, त्यात ३२ हा आकडाच वेगळा पडतो. ४७-४८ हा या संघाचा नेहमीचा आकडा आहे. शेल्टनने दोन वर्षं तोच काढला होता आणि केलीनेही तोच काढला. ३८ सामन्यांचा एक वाईट तुकडा आला आणि त्या तुकड्याच्या शेवटी जो खुर्चीत होता तो गेला. हाच तुकडा ऑगस्टमध्ये आला असता तर शेल्टनने मोसम पूर्ण केला असता, असं मला वाटतं. एप्रिलमध्ये आला म्हणून तक्त्यात सगळ्यांना दिसला. मोसमाच्या सुरुवातीला १२-२६ असलं की पानावर दुसरं काही नसतंच.

मास्तरांचा मुद्दा मी खोडत नाही. तीन शून्यांनंतर तीन शून्यं खाणारा संघ एका धावेच्या फरकावर जगतो, आणि तिथे सातव्या डावात कोणाला आणायचं याची किंमत आहेच. पण ती किंमत वर्षाला ७६ आणि ७७ इतकीच निघाली, हे माझ्या वहीचं म्हणणं.

शेल्टनची पूर्ण बेरीजही केली. ३०६ विजय, ४४० पराभव. त्यात २०२१ आणि २०२२ ही शंभर-शंभर पराभवांची वर्षं आहेत. मृण्मयीताई म्हणतात तशी तिजोरी बंद होती ती वर्षं. गंमत अशी, की २०२२ चे शंभर पराभव झाले नसते तर पुढच्या वर्षी नवोदितांतून पहिला खेळाडू निवडायची चिठ्ठी यांच्या नावाने निघायची शक्यता बरीच कमी झाली असती, आणि त्या चिठ्ठीतूनच स्कीन्स आला. शेल्टनने हरून कमावलेला पिचर आता केली वापरतोय. केलीबद्दल माझी तक्रार नाही, गावचा माणूस आहे, शांत आहे, डगआउटमध्ये च्युइंगम चघळत असतो. पण माझ्या वहीत त्याचं पान नवीन नाही.

कोलंबसकर, चूक काढा.

—

सॉफ्टबॉल_मास्तर_सिडको

काका, हे गणित मी वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

—

कोथरूड_ते_कोलंबस

गणितात चूक नाही. एकच जोडतो. जुलैअखेर व्यवहारांची मुदत संपते, तेव्हा यांनी शेवटचा डाव टाकणारा डेव्हिड बेडनार यांकीजना दिला, जो पिट्सबर्गचाच मुलगा, आणि तिसऱ्या बेसवरचा की'ब्रायन हेज सिनसिनाटीला. हेज बॅटने चालत नव्हता, पण फिल्डिंगमध्ये लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी. म्हणजे केलीचे ७७ हे थोडे जड आहेत. शेवटचे दोन महिने त्याच्याकडे शेल्टनपेक्षा कमी सामान होतं. माझ्या हिशेबाने केलीला दोन-तीन विजय जास्त द्या. त्याहून जास्त मी देणार नाही.

आणि तुमच्या शेल्टनची काळजी नको, त्याला नोकरी लागली. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी मिनेसोटा ट्विन्सने त्याला मॅनेजर केलं. पायरेट्सच्या आधी तो तिथेच बेंच कोच होता. ट्विन्स २०२५ मध्ये ७०-९२, म्हणजे पायरेट्सपेक्षा एक विजय कमी. जुलैत त्यांनी कार्लोस कोरेयासकट जवळपास अर्धा संघ वाटून टाकलाय.

—

स्कोअरबुक_नाशिकरोड

अरेरे. मिनेसोटाचे घरचे सामने आपल्याकडे किती वाजता लागतात?

—

कोथरूड_ते_कोलंबस

संध्याकाळचे बहुतेक पहाटे ५:१०. एक तास जास्त झोपा.